इमारतीच्या कमाल वीज मागणीचा अंदाज : तालुकास्थानच्या महाविद्यालयाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

महाविद्यालयाची नवी इमारत उभी राहते किंवा जुन्या इमारतीत संगणक कक्ष, भाषा प्रयोगशाळा, वातानुकूलित सभागृह यांची भर पडते, तेव्हा वीज जोडणीच्या अर्जात एक आकडा लिहावा लागतो. ही इमारत एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेईल, याचा तो आकडा असतो. हा प्रश्न कंत्राटदाराचा किंवा वायरमनचा आहे असे मानून प्राध्यापकवर्ग सहसा त्यापासून दूर राहतो. प्रत्यक्षात त्या आकड्यावर मुख्य केबलची जाडी, मुख्य स्विचची क्षमता, वितरण कंपनीशी होणारा करार आणि दरमहा येणारे देयक या सर्व गोष्टी अवलंबून असतात. आकडा फार मोठा धरला तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे वर्षानुवर्षे भरावे लागतात. फार लहान धरला तर तारा तापतात, स्विच वारंवार पडतात आणि जादा मागणीची आकारणी होते.

मालेगाव हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. जुन्या नागपूर-मुंबई महामार्गावरील या गावासारख्या विदर्भातील अनेक तालुकास्थानी महाविद्यालये आहेत. येथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही त्याच सुमारास येतात. वेतनेतर खर्चाची तोंडमिळवणी करताना अशा महाविद्यालयांना वीज देयकाचा प्रत्येक घटक पाहावा लागतो. म्हणून या विषयाचे विवेचन अशाच एका महाविद्यालयाचे उदाहरण समोर ठेवून करणे उचित ठरेल.

लेखाची उद्दिष्टे

१. कमाल मागणी आणि तिच्याशी निगडित संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे.
२. मागणीचा अंदाज बांधण्याच्या प्रचलित पद्धतींचा परिचय करून देणे.
३. एका नमुना महाविद्यालयाच्या आधारे प्रत्यक्ष आकडेमोड मांडणे.
४. या कामात प्राध्यापकवर्गाचा सहभाग का आवश्यक आहे, हे दाखवून देणे.

मूलभूत संज्ञा

इमारतीत बसविलेल्या सर्व उपकरणांच्या क्षमतेची बेरीज म्हणजे जोडभार. परंतु सर्व उपकरणे एकाच क्षणी पूर्ण क्षमतेने कधीच चालत नाहीत. वर्ग सुटला की पंखे बंद होतात, प्रयोगशाळा आठवड्यातून काही तासच चालते, पाण्याची टाकी भरली की पंप थांबतो. त्यामुळे प्रत्यक्षात पोहोचणारी सर्वोच्च पातळी, म्हणजेच कमाल मागणी, जोडभारापेक्षा कमी असते. कमाल मागणीला जोडभाराने भागले असता मागणी गुणक मिळतो व तो सामान्यतः एकपेक्षा कमी असतो.

विविधता गुणक ही संज्ञा यापुढची आहे. इमारतीच्या प्रत्येक विभागाची स्वतंत्र कमाल मागणी काढून तिची बेरीज केली आणि त्या बेरजेला संपूर्ण इमारतीच्या कमाल मागणीने भागले, तर विविधता गुणक येतो. पाठ्यपुस्तकांतील या व्याख्येनुसार तो एक किंवा एकपेक्षा अधिक असतो. संहितांमधील कोष्टके मात्र विविधतेची सवलत टक्केवारीत देतात आणि ती शंभरापेक्षा कमी असते. एकाच कल्पनेच्या या दोन मांडण्यांमुळे गोंधळ होतो. म्हणून कोणता आकडा गुणण्यासाठी आहे आणि कोणता भागण्यासाठी, हे आधी पाहून घ्यावे.

मीटरच्या भाषेत कमाल मागणी म्हणजे क्षणिक उसळी नव्हे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशांतील व्याख्येनुसार, सलग तीस मिनिटांच्या कालखंडात घेतलेल्या सर्वाधिक युनिटांची दुप्पट म्हणजे त्या काळातील कमाल मागणी. उदाहरणार्थ, एखाद्या अर्ध्या तासात १८ युनिट वीज वापरली गेली आणि त्या महिन्यात दुसऱ्या कोणत्याही अर्ध्या तासात तेवढी वापरली गेली नाही, तर मागणी ३६ किलोवॅट ठरते. पंप सुरू होताना काही सेकंद त्याचा प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट वाढतो. स्विच निवडताना ही गोष्ट महत्त्वाची असते, पण अर्ध्या तासाच्या सरासरीत तिचा प्रभाव नगण्य राहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वीज पुरवठ्याचा खर्च दोन प्रकारचा असतो, ही मांडणी ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये केली. एक खर्च वापरलेल्या विजेचा. दुसरा खर्च ग्राहकाने मागताच वीज देता यावी म्हणून यंत्रे आणि तारा सज्ज ठेवण्याचा. ग्राहकाने दिवा तासभर लावला काय किंवा दहा तास लावला काय, सज्जतेचा खर्च तेवढाच. ब्रायटन येथील आर्थर राइट यांनी कमाल मागणी नोंदविणारे मीटर तयार करून या विचाराला व्यवहारात आणले. शिकागोचे वीज उद्योजक सॅम्युएल इन्सल यांनी ही पद्धत ब्रायटनमध्ये पाहिली. वेगवेगळ्या वेळी वीज घेणारे ग्राहक एकत्र आणले की तीच यंत्रे अधिक लोकांना पुरतात, हे सूत्र त्यांनी आपल्या व्यवसायाचा पाया बनविले.

महाराष्ट्रात १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. विदर्भात अकोला जिल्ह्यातील पारससारखी औष्णिक केंद्रे उभी राहिली, तर कोयनेचे पाणी सायंकाळच्या शिखर मागणीसाठी राखून वापरण्याची पद्धत रूढ झाली. औष्णिक संच चटकन कमी-जास्त करता येत नाही, जलविद्युत संच काही मिनिटांत वाढवता येतो, हे त्यामागील कारण. २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भाच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. शिखर मागणी आणि उपलब्ध क्षमता यांतील तफावतच त्याच्या मुळाशी होती. राज्याला जो प्रश्न हजारो मेगावॅटच्या मापाने पडतो, तोच महाविद्यालयाला काही किलोवॅटच्या मापाने पडतो.

अंदाज बांधण्याच्या पद्धती

पहिली पद्धत क्षेत्रफळाची. दर चौरस मीटरला अमुक वॅट असे धरून आराखड्याच्या टप्प्यावर ढोबळ अंदाज काढला जातो. इमारत कागदावर असताना ती उपयोगी असली तरी अंतिम निर्णयासाठी अपुरी आहे.

दुसरी पद्धत बिंदुगणनेची. भारतीय मानक आयएस ७३२ व राष्ट्रीय विद्युत संहिता यांत, उपकरणाची प्रत्यक्ष क्षमता ठाऊक नसल्यास काय धरावे याचे संकेत आहेत. पंख्यासाठी ६० वॅट, ६ अँपिअरच्या सॉकेटसाठी १०० वॅट आणि मोठ्या पॉवर सॉकेटसाठी १००० वॅट असे ते आकडे आहेत. या बेरजेवर विविधतेची सवलत लावली जाते. प्रकाशयोजनेसाठी घरगुती मांडणीत ६६ टक्के, लहान दुकाने व कार्यालये यांत ९० टक्के आणि लहान हॉटेले व वसतिगृहे यांत ७५ टक्के भार धरण्याची प्रथा आहे. तथापि या कोष्टकांत महाविद्यालयाचा स्वतंत्र रकाना नसतो. महाविद्यालयाचा दिवस कार्यालयासारखा सपाट नसतो आणि घरासारखा सायंकाळी चढणाराही नसतो. तो तासिकांनी आणि परीक्षांनी आखलेला असतो.

तिसरी पद्धत वेळापत्रकाची. वर्षातील जे दिवस आणि तास जड वाटतात ते निवडावयाचे, त्या त्या वेळी कोणते उपकरण किती प्रमाणात चालू असते हे लिहावयाचे आणि बेरीज करावयाची. सर्वांत मोठी बेरीज म्हणजे कमाल मागणी. या पद्धतीला श्रम अधिक पडतात, परंतु महाविद्यालयासाठी हीच सर्वांत विश्वसनीय आहे.

नमुना महाविद्यालयाचे उदाहरण

कला, वाणिज्य व विज्ञान शाखा असलेले एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. खालील कोष्टकात त्याचा जोडभार आणि दोन जड प्रसंगीचा अंदाजित भार दिला आहे. पहिला प्रसंग मार्चअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी दुपारी साडेबाराचा. दुसरा प्रसंग मे महिन्यातील लेखी परीक्षेच्या दिवशी दुपारी तीनचा.

कोष्टक क्र. १ : जोडभार व अंदाजित भार (किलोवॅट)

| उपकरण | जोडभार | प्रात्यक्षिक परीक्षा | लेखी परीक्षा |
|---|---|---|---|
| एलईडी ट्यूब (१५०) | ३.० | १.८ | २.१ |
| पंखे (१२०) | ८.४ | ६.७ | ८.० |
| संगणक (५०) | ७.५ | ६.० | १.५ |
| एसी, दीड टनी (६) | १०.२ | ७.७ | ६.८ |
| कूलर (१०) | २.० | १.० | २.० |
| पाण्याचा पंप, ५ अश्वशक्ती | ४.५ | ४.५ | ४.५ |
| झेरॉक्स व प्रिंटर | ३.० | १.० | २.० |
| प्रोजेक्टर (३) | ०.९ | ०.३ | ० |
| वॉटर कूलर (२) | १.२ | १.२ | १.२ |
| प्रयोगशाळेतील उपकरणे | ५.० | ३.० | ० |
| ६ अँपिअर सॉकेट (६०) | ६.० | ०.६ | ०.६ |
| १६ अँपिअर सॉकेट (४) | ४.० | १.० | ० |
| एकूण | ५५.७ | ३४.८ | २८.७ |

एसीच्या आकड्यांबाबत थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मार्चमध्ये सहाही एसी चालू असले तरी खोली थंड झाल्यावर त्यांचे कॉम्प्रेसर मधून मधून थांबतात, म्हणून अर्ध्या तासाच्या सरासरीत पाऊण भार धरला आहे. मे महिन्यात चारच एसी चालू आहेत, पण कॉम्प्रेसर थांबतच नाहीत, म्हणून त्यांचा पूर्ण भार धरला आहे.

मे महिन्यातील दुपार सर्वांत जड असेल असे कोणालाही वाटेल. कोष्टक वेगळे सांगते. मे महिन्यात पंखे आणि कूलर पूर्ण चालतात हे खरे, पण तेव्हा संगणक कक्ष व प्रयोगशाळा बंद असतात. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र संगणक कक्ष, प्रयोगशाळा, वर्ग, कार्यालय आणि पंप हे सर्व एकाच अर्ध्या तासात एकत्र येतात. ही बाब तापमानाच्या नोंदीवरून कळत नाही, परीक्षेच्या वेळापत्रकावरून कळते.

येथे मागणी गुणक ३४.८ भागिले ५५.७, म्हणजे सुमारे ०.६२ येतो. समजा विभागवार कमाल मागणी पुढीलप्रमाणे आहे : संगणक विभाग १४.०, वर्गखोल्या ११.०, कार्यालय व ग्रंथालय ९.०, विज्ञान प्रयोगशाळा ७.५ आणि पंप ४.५ किलोवॅट. ही बेरीज ४६.० किलोवॅट होते आणि विविधता गुणक सुमारे १.३२ येतो.

पॉवर फॅक्टर ०.९ धरल्यास ३४.८ किलोवॅट म्हणजे सुमारे ३८.७ केव्हीए. जोडभाराची नुसती बेरीज केव्हीएमध्ये मांडली असती तर हाच आकडा सुमारे ६१.९ आला असता. आता केवळ पंप सकाळी सात वाजता चालविला तर दुपारची मागणी ३०.३ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३३.७ केव्हीएवर येते. पाणी तेवढेच चढते, युनिटही तेवढेच लागतात, पण शिखर उतरते. भविष्यातील वाढीसाठी वीस टक्के राखीव धरून ४० केव्हीएची करार मागणी या महाविद्यालयाला पुरेशी ठरेल. जुने ७० वॅटचे पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसविल्यास, प्रात्यक्षिकाच्या वेळी चालू असणाऱ्या ९६ पंख्यांमागे आणखी ३.८ किलोवॅट कमी होतील.

करार मागणी व देयक

२०१२ च्या दरआदेशात शैक्षणिक संस्थांसाठी सार्वजनिक सेवा हा स्वतंत्र गट निर्माण झाला. त्यापूर्वी त्यांचे देयक वाणिज्यिक दराने येत असे. या गटातील २० किलोवॅटपेक्षा मोठ्या लघुदाब जोडण्यांना मागणी आकार केव्हीएच्या मापाने लागतो. नोंदलेली मागणी किंवा करार मागणी यांचा ठरावीक हिस्सा, जो अधिक असेल तो, आकारणीसाठी धरला जातो. हे प्रमाण व दर आयोगाच्या आदेशानुसार वेळोवेळी बदलतात, तत्त्व मात्र तेच राहते. म्हणजे दिवाळीच्या सुटीत महाविद्यालय बंद असले तरी फुगविलेल्या करार मागणीचा हिस्सा देयकात येतोच. उलटपक्षी, करारापेक्षा अधिक मागणी नोंदली गेल्यास त्या जादा भागावर दीडपट दराने अतिरिक्त आकारणीची तरतूद दरआदेशांत राहिलेली आहे.

यावरून जोडभार लपवावा असा अर्थ कोणी काढू नये. अर्जात सर्व उपकरणांची यादी प्रामाणिकपणे द्यावयाची असते. विचारपूर्वक ठरवावयाची असते ती करार मागणी.

छतावरील सौर संचाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. नेट मीटरिंगच्या राज्यातील नियमांत संचाची क्षमता करार मागणी किंवा मंजूर भार यांच्या मर्यादेत ठेवलेली आहे. सौर संचामुळे युनिट निश्चितपणे घटतात. कमाल मागणी मात्र तितक्या निश्चितपणे घटत नाही. महिन्यातील २९ दिवस लख्ख ऊन असले आणि एका दुपारी अर्धा तास ढग आले, तर त्याच अर्ध्या तासाची मागणी महिन्याची मागणी म्हणून नोंदली जाऊ शकते.

सुरक्षिततेचा विचार

विविधतेची सवलत मुख्य केबल आणि मुख्य स्विच यांच्यासाठी असते. शेवटच्या सर्किटला, म्हणजे सॉकेटपर्यंत जाणाऱ्या तारेला, ती लावावयाची नसते. १६ अँपिअरच्या सॉकेटची तार १६ अँपिअर पेलणारीच हवी. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह २५ टक्क्यांनी वाढला तर उष्णता सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांपूर्वी ट्यूब आणि पंख्यांसाठी टाकलेल्या तारेवर आज एसी जोडला, तर इमारतीची एकूण मागणी मर्यादेत असूनही ती तार धोक्यात असते.

दुसरी बाब तिन्ही फेजांवरील समतोलाची. ३४.८ किलोवॅटचा भार समान वाटला तर ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येक फेजमध्ये सुमारे ५४ अँपिअर प्रवाह येतो. परंतु १४ किलोवॅटचा संपूर्ण संगणक विभाग एकाच फेजवर असेल, तर २४० व्होल्टवर तो एकटाच सुमारे ६५ अँपिअर घेतो. एकूण अंदाज बरोबर असूनही त्या फेजचा स्विच पडतो आणि दोष अंदाजाला दिला जातो.

तिसरी बाब खंडित पुरवठ्याची. वीज दोन तास जाऊन परत आली की पंखे, कूलर, एसी आणि इन्व्हर्टरच्या रिकाम्या बॅटऱ्या एकदम वीज मागतात. एरवी वेगवेगळ्या वेळी थांबणारे कॉम्प्रेसर त्या क्षणी एकसाथ चालतात. अशा वेळी विविधता काही काळ नाहीशी होते. म्हणून पुरवठा परत आल्यावर मोठी उपकरणे टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची शिस्त असावी.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षाला लागलेल्या आगीत दहा अर्भके मृत्युमुखी पडली. प्रत्येक आग अतिभारामुळे लागत नाही आणि येथे त्या घटनेची कारणमीमांसा करावयाची नाही. मात्र त्या घटनेनंतर सार्वजनिक इमारतींच्या विद्युत तपासणीचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आला. आपल्या इमारतीत कोणत्या तारेवर किती भार आहे हे ठाऊक असणे, ही त्या तपासणीची पहिली पायरी होय.

प्राध्यापकवर्गाची भूमिका

वरील कोष्टकातील पहिला रकाना वायरमन भरू शकतो. पुढचे दोन रकाने तो भरू शकत नाही. संगणकाच्या बॅचेस केव्हा आहेत, प्रात्यक्षिके कोणत्या आठवड्यात आहेत, परीक्षा केंद्रावर प्रश्नपत्रिकांच्या प्रती केव्हा काढल्या जातात, हे वेळापत्रक समितीला व विभागप्रमुखांना ठाऊक असते. कमाल मागणीचे खरे ज्ञान शिक्षकखोलीत असते आणि अर्ज मात्र तिला न विचारता भरला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या महाविद्यालयांतील चुकीच्या अंदाजांचे हे एक प्रमुख कारण आहे.

या संदर्भात पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. मागील किमान बारा महिन्यांच्या देयकांतील नोंदलेली कमाल मागणी एका तक्त्यात लिहावी आणि तिची करार मागणीशी तुलना करावी.
२. वर्षातून तीन-चार जड दिवस निवडून मुख्य मीटरचे वाचन दर अर्ध्या तासाने नोंदवावे. दोन वाचनांतील फरकाची दुप्पट म्हणजे त्या अर्ध्या तासाची मागणी. भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व वाणिज्य विभागांच्या विद्यार्थ्यांना हा संयुक्त प्रकल्प देता येईल.
३. नवीन उपकरण खरेदीच्या प्रस्तावात त्याची क्षमता, वापराची वेळ आणि ते कोणत्या फेजवर जोडले जाणार याची नोंद असावी.
४. पंप, इन्व्हर्टर चार्जिंग यांसारखी वेळ बदलता येणारी कामे तासिकांच्या गर्दीबाहेर न्यावीत.
५. तारांची प्रत्यक्ष तपासणी व बदल परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावेत.

नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये ऊर्जा लेखापरीक्षण करून घेतात. वरील नोंदी हाताशी असल्यास ते लेखापरीक्षण केवळ अहवालापुरते न राहता निर्णयाला उपयोगी पडेल.

निष्कर्ष

कमाल मागणी ही उपकरणांची बेरीज नसून उपकरणे आणि वेळ यांचा मेळ आहे. संहितेतील कोष्टके दिशा दाखवितात, पण महाविद्यालयाचा दिवस कसा जातो हे त्यांना माहीत नसते. नमुना उदाहरणात जोडभारावरून येणारा ६१.९ केव्हीएचा आकडा वेळापत्रक विचारात घेताच ३८.७ वर आला आणि पंपाची वेळ बदलताच ३३.७ वर आला. प्रत्येक महाविद्यालयाचे आकडे वेगळे असतील, पद्धत मात्र हीच राहील. तालुकास्थानच्या महाविद्यालयाला यासाठी महागडे उपकरण किंवा बाहेरचा तज्ज्ञ प्रारंभी लागत नाही. वर्षभराची देयके, एक घड्याळ, मुख्य मीटर आणि तासिकांचे वेळापत्रक एवढे साहित्य पुरेसे आहे.